डफावरचा सवाल, बीटवरचा जवाब : कलगी-तुरा आणि रॅपमधील वैराची मर्यादा

मराठी वृत्तपत्रांतून दोन पुढाऱ्यांमध्ये आरोप-प्रत्यारोप झाले की 'कलगीतुरा रंगला' असे छापण्याची रीत आता इतकी रुळली आहे की, हा शब्द मुळात भांडणाचा नसून एका काव्यपरंपरेचा आहे, याचे भान बहुतेक वाचकांना राहिलेले नाही. कलगी आणि तुरा ही शाहिरांच्या दोन प्रतिस्पर्धी संप्रदायांची नावे होत. या संप्रदायांचे शाहीर रात्ररात्र समोरासमोर बसून एकमेकांना पद्यातून सवाल टाकीत, पद्यातूनच जवाब देत आणि जमलेल्या श्रोत्यांकडून निवाडा घेत. अमेरिकेतील हिपहॉप संगीतात एका रॅपरने दुसऱ्या रॅपरला उद्देशून रचलेल्या निंदापर गीताला 'डिस ट्रॅक' म्हणतात. 'डिस' हे अनादर या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे बोलीतील संक्षिप्त रूप आहे, आणि अशा गीतांच्या फेऱ्यांतून वाढत जाणाऱ्या वैराला 'बीफ' हा शब्द रूढ आहे. सवाल-जवाब आणि डिस ट्रॅक यांचा एकमेकांशी वंशसंबंध नाही. तरीही दोन्ही ठिकाणी शब्दाने शब्दाला हरवण्याची एकच ओढ दिसते, आणि म्हणूनच एकाच्या अभ्यासाने दुसऱ्यावर प्रकाश पडतो. शाब्दिक वैर कलेला फळते ते त्याच्याभोवती मर्यादा उभी असते तोवरच, आणि ही मर्यादा घडवण्याचे काम आपल्या फडांनी पिढ्यानपिढ्या केले, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. हा विचार मांडण्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यासारखी दुसरी योग्य भूमी क्वचितच सापडेल, कारण शाहीर अनंत फंदींचे संगमनेर आणि तमाशा कलावंत पवळेचे हिवरगाव पावसा ही दोन्ही गावे याच जिल्ह्यातली आहेत.

कलगी कोणती, तुरा कोणता

कलगी आणि तुरा हे दोन्ही शिरोभूषणांचे प्रकार आहेत. परंपरेने सांगितलेली उत्पत्तिकथा अशी की, तुकनगीर नावाचा गोसावी आणि शहाअली नावाचा फकीर यांच्यात अध्यात्मावर पद्यमय वाद झाला, दोघांच्याही प्रतिभेवर प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजाने आपल्या मुकुटावरील तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली, आणि तेव्हापासून त्यांचे अनुयायी त्या त्या नावाने ओळखले जाऊ लागले. राजस्थानात चितोडच्या परिसरातील 'तुर्रा-कलंगी' या ख्यालनाट्याच्या प्रकारातही हीच दोन नावे आणि हीच कथा सांगतात, यावरून या परंपरेचा विस्तार मराठी मुलखापलीकडेही होता हे ध्यानात येते. कथा ऐतिहासिक कसोटीवर किती टिकेल हा प्रश्न वेगळा. पण लोकस्मृतीने या वैराच्या मुळाशी एक गोसावी आणि एक फकीर बसवले आणि एकाच राजाच्या एकाच मुकुटातून दोघांचा सन्मान करवला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे, कारण तिच्यात पराभूत कोणीच नाही.

तात्त्विक भूमिका पाहिली तर तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषतत्त्वाला श्रेष्ठ मानतात, तर कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला किंवा मायेला श्रेष्ठ मानतात. आधी शिव की आधी शक्ती, बीज आधी की वृक्ष आधी, अशा प्रश्नांभोवती रचलेल्या कूट रचनेला 'भेदिक' म्हणतात. जिच्यातील भेद, म्हणजे गुपित, उलगडून दाखवावे लागते ती भेदिक लावणी. सवाल टाकणारा शाहीर एखादे घर वर्णन करतो, त्याला नऊ दारे आहेत म्हणतो, त्यात पाच जण राहतात म्हणतो, आणि घराचा मालक कोण असे विचारून थांबतो. जवाब देणाऱ्याने ते घर म्हणजे देह, दारे म्हणजे नवद्वारे, पाच जण म्हणजे पंचमहाभूते हे तर ओळखायचेच, शिवाय मालक शिव की शक्ती याचे उत्तर आपल्या पक्षाला साजेसे देऊन वर नवा सवाल टाकायचा. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याने सांख्यांची तत्त्वे आणि पुराणांतील वंशावळी मुखोद्गत कराव्यात, एवढी ताकद या चढाओढीत होती; प्रतिस्पर्ध्याचे भय हीच तेथे शाळा होती.

फडाची घडण

सवाल-जवाबाच्या रात्रीकडे बारकाईने पाहिले म्हणजे तिच्यातील प्रत्येक सोय कशासाठी होती ते उमगते. रात्रीच्या गारव्याने डफाचे कातडे सैल पडते, म्हणून ते जाळावर धरून शेकावे लागते, आणि त्या शेकण्याच्या वेळात शाहिराला समोरच्याचा सवाल मनात घोळवता येतो. शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी, म्हणजे ध्रुपदाची ओळ उचलून तिचा शेवटचा स्वर लांबवणारे साथीदार, झील ओढीत असतात तेवढ्या अवधीत शाहिराच्या मनात पुढचे कडवे जुळते. तुणतुण्याची एकच तार अखंड वाजत राहून त्याचा स्वर ढळू देत नाही. आशुकवित्वाला, म्हणजे जागच्या जागी पद्य रचण्याच्या शक्तीला, आधार देणारी ही योजना आहे. रॅपमध्ये वाद्यतुकड्याचे जे सतत फिरणारे आवर्तन असते, ज्याला 'बीट' म्हणतात, ते हेच काम करते, आणि ध्रुपदासारखा परतून येणारा जो भाग 'हुक' म्हणून ओळखला जातो तो झीलकऱ्यांच्या जागी उभा राहतो.

या घडणीइतकेच तिचे संकेत महत्त्वाचे होते. पहिला संकेत असा की, गणाने, म्हणजे आरंभीच्या वंदनगीताने, देवतेला आणि गुरूला वंदन केल्याखेरीज कोणी वादाला तोंड फोडायचे नाही. सवाल ज्या चालीत आला त्याच चालीत जवाब देण्यात शाहिराची खरी कसोटी मानली जाई, कारण चाल बदलून निसटणे सोपे असते. तिसरा संकेत नाममुद्रेचा, म्हणजे शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याचा. उच्चारलेल्या शब्दाची जबाबदारी उच्चारणाऱ्याने चारचौघांत घ्यावी, हा त्याचा आशय होता. जवाब सुचला नाही तर डफ-तुणतुणे विजेत्यापुढे ठेवायचे, अशी रीत सांगितली जाते. शाहिराचा डफ जाणे म्हणजे त्याची अब्रू आणि त्याची पोटाची सोय दोन्ही जाणे, इतका हा पण जबर होता. पण तो वाद्याचा पण होता, देहाचा नव्हता, आणि पुढच्या जत्रेपर्यंत नवा डफ मढवून पुन्हा उभे राहण्याची वाट हरलेल्याला मोकळी होती.

पेशवाईच्या उत्तरार्धात पुण्यात गवळी समाजातील होनाजी आणि शिकलगार मुसलमान सगनभाऊ यांच्या फडांची चढाओढ गाजली, आणि आज मराठी लावणीचे वैभव म्हणून जे मोजले जाते त्यात या दोघांचाही वाटा मोठा आहे. दोन भिन्न जातिधर्मांचे कलावंत एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून एकमेकांना घडवू शकले, हे फडाच्या रिंगणामुळे साधले. रिंगणाबाहेर त्यांना एकमेकांसमोर बरोबरीने बसवणारी जागा त्या काळच्या समाजात फारशी नव्हती.

संगमनेरचा फटका

अनंत फंदी (१७४४–१८१९) हे संगमनेरचे, घोलप आडनावाच्या ब्राह्मण कुळातले. मलिक फंदी नावाच्या फकिराशी असलेल्या स्नेहावरून त्यांना 'फंदी' हे नाव पडले असे सांगतात. रॅपर जसे जन्मनाव बाजूला ठेवून रंगनाव धारण करतात, तसेच शाहिरांनीही पूर्वापार केले आहे, आणि होनाजी बाळा हे नाव तर रचणारा होनाजी आणि गाणारा बाळा अशा दोघांचे मिळून झालेले आहे. फंदींविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी की, तमाशा घेऊन हिंडत असता त्यांची गाठ अहिल्याबाई होळकरांशी पडली, ब्राह्मणाने तमाशा करणे योग्य नव्हे असे बाईंनी सुनावले, आणि फंदींनी डफ टाकून कीर्तनाची वाट धरली. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ पासून या जिल्ह्याने धारण केले आहे. म्हणजे ज्या बाईंनी सवाल टाकला आणि ज्या शाहिराने तो झेलला, ती दोघेही एकाच मातीची लेकरे ठरतात.

या आख्यायिकेचा नेहमी लावला जाणारा अर्थ पश्चात्तापाचा आहे. परंतु तिच्याकडे सवाल-जवाबाच्या दृष्टीने पाहिले तर वेगळी गोष्ट दिसते. फंदींच्या नावाशी मराठी मन सर्वाधिक जोडते तो काव्यप्रकार म्हणजे 'फटका', आणि या शब्दाचाच अर्थ प्रहार असा आहे. फटक्यात तमाशाच्या बोलीचा ठसका आहे, द्रुत लयीचा मारा आहे, ऐकणाऱ्याला चपापवणारी आज्ञार्थी क्रियापदे आहेत; म्हणजे फडावर कमावलेली शस्त्रे तशीच आहेत, फक्त त्यांचा नेम बदलला आहे. प्रहार आता नाव घेतलेल्या माणसावर पडत नाही, तर लबाडी, गर्व, कृतघ्नपणा अशा दोषांवर पडतो, आणि ऐकणारा प्रत्येक जण आपापल्या अंगावर वळ उठला का हे चाचपून पाहतो. व्यक्तीवरचा घाव त्या व्यक्तीबरोबर विसरला जातो, दोषावरचा घाव दोष टिकतो तोवर टिकतो; फटका दोनशे वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी राहिला तो यामुळेच.

तथापि या आख्यायिकेत एक कठोर सामाजिक वास्तवही दडलेले आहे आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तमाशा ब्राह्मणाला शोभत नाही, असे म्हणताना तो दुसऱ्या कोणाला तरी शोभतो असे गृहीत धरलेले असते. संगमनेर तालुक्यातीलच हिवरगाव पावसा येथे महार समाजात जन्मलेल्या पवळेला कीर्तनाच्या व्यासपीठाची पर्यायी वाट कोणी देऊ केली नाही. नाच्या पोऱ्याने स्त्रीवेश घेण्याच्या काळात प्रत्यक्ष फडावर उभी राहिलेली आद्य स्त्री कलावंत म्हणून पवळेचे नाव घेतले जाते, आणि शाहीर पठ्ठे बापूरावांच्या, म्हणजे श्रीधर कृष्णा कुलकर्णी (१८६६–१९४५) यांच्या शब्दांना तिच्या गळ्याने आणि पावलांनी जी कीर्ती मिळवून दिली तिला तोड नाही. फडाच्या मर्यादेचा गौरव करताना, त्या मर्यादेची किंमत कोणत्या समाजांनी आणि विशेषतः कोणत्या स्त्रियांनी चुकवली, याचा हिशेब सोबत ठेवलाच पाहिजे. धवळपुरीकरांच्या फडापासून संगमनेरात स्थिरावलेल्या कांताबाई सातारकरांपर्यंत या जिल्ह्याने तमाशाला जे दिले, त्यामागे हा हिशेब सतत उभा आहे.

ब्रॉन्क्सपासून क्वीन्सपर्यंत

हिपहॉपचा आरंभ ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जमैकन तरुणाने संगीत वाजवलेल्या एका घरगुती समारंभापासून मानला जातो. आफ्रिकी-अमेरिकी वस्त्यांत मुले घोळक्याने उभी राहून एकमेकांना यमकदार टोमणे मारीत, आणि जो चिडला तो हरला असा खेळ खेळत. 'डझन्स' नावाचा हा खेळ डिस ट्रॅकचा एक पूर्वज होय. १९८१ मध्ये हार्लेममधील एका सभागृहात कूल मो डी आणि बिझी बी यांचा सामना झाला. श्रोत्यांना घोषणा द्यायला लावून रंग भरणाऱ्या बिझी बीला कूल मो डीने नेमक्या, गुंफलेल्या शब्दांनी निष्प्रभ केले, आणि रॅपर हा समारंभाचा सूत्रधार न राहता शब्दकार झाला, असे हिपहॉपचे अभ्यासक मानतात.

१९८४ मधील प्रकरण फडाच्या संकेतांच्या आणखी जवळचे आहे. युटीएफओ या चमूने रोक्सॅन नावाच्या, आपल्याला दाद न देणाऱ्या काल्पनिक मुलीविषयी गीत काढले; त्यावर क्वीन्सब्रिज वसाहतीतील अवघ्या १४ वर्षांच्या मुलीने रोक्सॅन शांते हे नाव घेऊन, त्यांच्याच बीटवर, त्या मुलीच्या बाजूने जवाब दिला. ज्या चालीत सवाल त्याच चालीत जवाब, हा आपल्याकडचा दंडक न्यूयॉर्कमधील एका मुलीने आपल्या बुद्धीने शोधून काढला, आणि नंतर उत्तरादाखल निघालेल्या गीतांची इतकी रांग लागली की त्या मालिकेला 'रोक्सॅन युद्धे' असेच नाव पडले. पुढे एमसी शान आणि केआरएस-वन यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास जो वाद पेटला तो हिपहॉपच्या उगमावरून होता; शानने आपल्या क्वीन्सब्रिजचा गौरव गाताच ते हिपहॉपचे उगमस्थान असल्याचा दावा त्यात आहे असे समजून केआरएस-वनने दक्षिण ब्रॉन्क्सची बाजू लढवली. 'आधी कोण' हा प्रश्न शिव-शक्तीचा असो की दोन वसाहतींचा, माणसे आपल्या मुळांसाठी सर्वांत तळमळीने भांडतात, हे यातून दिसते.

मात्र मर्यादा सुटली म्हणजे काय होते, हेही याच इतिहासाने दाखवले. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील संगीतकंपन्यांच्या वैरात डिस ट्रॅक ही ठिणगी ठरत असतानाच रॅपर टुपॅक शकूर याच्यावर सप्टेंबर १९९६ मध्ये लास व्हेगासमध्ये आणि नोटोरियस बीआयजी याच्यावर मार्च १९९७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, आणि ऐन पंचविशीच्या आसपास दोघेही गेले. या हत्यांची कारणे गाण्यांपुरती नव्हती, त्यांत टोळ्यांचे वैर आणि पैसा मिसळलेला होता. पण गाण्याभोवती रिंगण नसले की बाहेरचे वैर गाण्यात शिरते आणि गाण्यातले वैर रस्त्यावर येते, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

अलीकडे, २०२४ च्या वसंतात, केंड्रिक लमार आणि ड्रेक यांच्यात काही आठवड्यांतच गीतांमागून गीते निघाली. त्यांपैकी लमारच्या एका गीताला फेब्रुवारी २०२५ मध्ये ५ ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि त्याच गीतावरून ड्रेकने आपल्या संगीतकंपनीवर बदनामीचा दावा लावला. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने तो फेटाळताना जी भूमिका घेतली ती काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल: अशा चढाओढीतील शब्द ऐकणारा समजदार माणूस ते तपासलेले सत्य म्हणून घेत नाही, मत आणि अतिशयोक्ती म्हणून घेतो. काव्यातील संकेत श्रोत्याला ठाऊक असतो म्हणून उपमा खोटी ठरत नाही, हा विचार आपल्या परंपरेत जुना आहे. पण संकेताची ग्वाही श्रोत्यांच्या बैठकीने देण्याऐवजी न्यायाधीशाला द्यावी लागली, यात आजच्या वैराचे सारे दुखणे आले.

मुंबईचा जवाब

भारतात डिस ट्रॅक घरोघरी पोहोचला तो २०१८ मधील एमिवे बंटाय आणि रफ्तार यांच्या वादाने. रफ्तारच्या एका मुलाखतीतील उद्गाराने दुखावलेल्या मुंबईच्या एमिवेने 'समझ में आया क्या' हे गीत काढले, रफ्तारने 'शेख चिल्ली'ने उत्तर दिले आणि एमिवेने 'गिरफ्तार'ने प्रत्युत्तर केले. या शीर्षकांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. एमिवेचे आडनाव शेख. शेख चिल्ली हे लोककथेतील मनोराज्ये रचणारे पात्र. म्हणजे एका नावात प्रतिस्पर्ध्याची ओळखही झाली आणि त्याच्या दाव्यांची संभावनाही. 'गिरफ्तार' या शब्दात 'रफ्तार'चा नाद आहे आणि वर तो जेरबंद झाल्याचा अर्थही आहे. हा शुद्ध श्लेष आहे, आणि श्लेष हाच भेदिकाचा प्राण आहे. गल्लीत वाढलेल्या मुलांनी काव्यशास्त्राचा ग्रंथ न उघडता ही शस्त्रे परजली, याचे श्रेय त्यांच्या भाषाप्रेमाला दिलेच पाहिजे.

मराठी मुलखात जुनी चढाओढ संपलेली नाही हेही येथे नोंदवले पाहिजे. कोकणात शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे कलगी-तुऱ्याचेच, सामने आजही होतात आणि चाकरमान्यांबरोबर ते मुंबईच्या नाट्यगृहांतही पोहोचले आहेत. सिंधुदुर्गात दोन बुवांच्या भजनांची डबलबारी रंगते, तेव्हा एक बुवा दुसऱ्याला गजरातून चिमटे काढतो आणि गावकरी पहाटेपर्यंत हलत नाहीत. दुसरीकडे मुंबईच्या 'स्वदेशी' या चमूने २०१९ मध्ये 'वारली रिव्होल्ट' या गीतात आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलाचा प्रश्न मांडला. या गीतात प्रतिस्पर्धी रॅपर नाही, प्रहार मात्र आहे. फंदींनी नेम बदलून जे केले तेच या तरुणांनी आपल्या काळाच्या बोलीत केले, आणि म्हणून त्याला आजचा फटका म्हणण्यास हरकत नसावी.

रिंगणाची गरज

आता दोन्ही परंपरा शेजारी ठेवल्या तर कमी काय पडते ते स्पष्ट होते. रॅपरजवळ लय आहे, श्लेष आहे, नाममुद्रा आहे, आपल्या वस्तीचा अभिमान आहे. त्याच्याजवळ समोरासमोरची बैठक बहुधा नाही. तो बंद खोलीत ध्वनिमुद्रण करतो, प्रतिस्पर्धी दुसऱ्या शहरात मोबाइलवर ते ऐकतो, आणि निवाडा करणारे लाखो जण एकमेकांना दिसत नाहीत. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहून त्याच्या आईबहिणीचा उद्धार करणे कठीण असते, कारण त्याच बैठकीत त्याचे आणि आपले गाववाले मांडीला मांडी लावून बसलेले असतात. पडद्यावर तो संकोच उरत नाही. शिवाय फडावर हरलेला डफ ठेवून उठत असे, म्हणजे वादाला शेवट होता. आज ऐकणाऱ्यांचा आकडा हेच उत्पन्न झाल्यामुळे वाद संपण्यात कोणाचाच लाभ राहिलेला नाही.

यावर उपाय म्हणून तरुणांना रॅप सोडून डफ घ्या असे सांगणे व्यर्थ आहे, आणि तसे सांगण्याची गरजही नाही. शाहिरीने प्रत्येक काळात आपले वाद्य आणि विषय बदलले. सत्यशोधकांच्या आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन त्यातून जातिव्यवस्थेला सवाल टाकले, तेव्हा तर वादाचा दुसरा पक्ष म्हणून अख्खा समाजच समोर उभा होता. गरज आहे ती रिंगणाची. जिल्ह्यातील महाविद्यालये, ग्रंथालये आणि जत्रा-उत्सव समित्या यांनी एका मंचावर एका बाजूला शाहीर आणि दुसऱ्या बाजूला रॅपर बसवावेत, विषय आधी जाहीर करावा, सवालाच्याच चालीत जवाब देण्याची अट ठेवावी, जातीवरून आणि स्त्रीवरून जाणारा शब्द बाद ठरवावा, आणि निवाडा जाणत्या श्रोत्यांवर सोपवावा. अशा रात्री रॅपरला झील ओढणाऱ्या साथीदारांचे मोल कळेल आणि शाहिराला आजच्या गल्लीतील यमकांची धार कळेल.

ज्याच्याशी वाद घालायचा त्याचा सवाल आधी पूर्ण ऐकून घ्यावा लागतो, ही फडाची सर्वांत मोठी शिकवण आहे. झीलकरी स्वर लांबवीत असताना शाहीर गप्प असतो तो हरलेला म्हणून नव्हे, तर समोरच्याचे शब्द स्वतःच्या मनात पुन्हा म्हणून पाहत असतो म्हणून. आणि त्या क्षणापुरता का होईना, तो आपल्या प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत सावध श्रोता झालेला असतो. एवढी एक रीत जरी नव्या पिढीने उचलली, तरी 'कलगीतुरा' हा शब्द वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून सोडवून आणून पुन्हा त्याच्या मूळ मानाच्या जागी, शाहिराच्या शिरोभूषणात, खोवता येईल.